तान्ह्या बाळाशी इंग्रजीच कशासाठी?

बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांत पाळणा हलला की पाठोपाठ एक सल्ला येतो: घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा, नाहीतर मूल गोंधळेल, उशिरा बोलेल. या सल्ल्याला शास्त्राचा मुलामा असतो. शास्त्र मात्र त्याच्या बाजूचे नाही.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात दाखवून दिले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद कळतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत ती जाण बहुतांशी ओसरते, कारण तो भेद त्यांच्या कानी पडत नाही. अर्थात बंगळुरूतील कन्नड दाई बाळाला केळे भरवताना ‘बाळेहण्णु’ म्हणते, तेव्हा मराठीचेच ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या कानी घालत असते. तिलाच इंग्रजी बोलायला सांगणाऱ्यांच्या बुद्धीची कीव करावी तेवढी थोडी.

मोबाइलवरील इंग्रजी बडबडगीतांचेही तेच. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावरून ऐकणारी काहीच शिकली नाहीत.

शब्दांची मोजदादही जपूनच वाचावी. कॅन्ससमधील अवघ्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणातून १९९५ साली हार्ट आणि रिस्ली यांनी काढलेली ‘तीन कोटी शब्दांची दरी’ जगभर गाजली, तिच्यावर पुढे कठोर आक्षेपही आले. २०१८ साली एमआयटीतील संशोधकांना चार ते सहा वर्षांच्या मुलांत शब्दसंख्येपेक्षा संवादाची देवाणघेवाण मेंदूतील भाषाकेंद्राच्या सक्रियतेशी अधिक निगडित आढळली. ही देवाणघेवाण सहज येणाऱ्या भाषेतच रंगते. जी आई मराठीत पावसाला रागावते, काऊचिऊचा घास भरवते, बाळाच्या हुंकाराला उत्तर देते, तीच उसन्या इंग्रजीत ‘लुक, डॉगी’ म्हणून गप्प होते.

आणि गोंधळाचे भय? सतराव्या शतकात बंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हापासून रुजलेल्या मराठी घरांत मराठी आणि बाजारात कन्नड चालत आले. दोन भाषांमुळे कोणाची वाचा गेली नाही. लहान मुले एका वाक्यात दोन भाषा मिसळतात ती हाताशी असेल तो शब्द वापरण्यासाठी. त्यात विकार नाही.

खरे नुकसान वेगळेच आहे. बाळ हाकेला वळत नाही, बोबडे बोल येत नाहीत, तेव्हा पहिली शंका कानांची घ्यायची असते. श्रवणचाचणी बंगळुरूत होते, वाक्-श्रवणाची राष्ट्रीय संस्था म्हैसुरात आहे. पण ‘मराठी बंद करा, बोलेल’ या आश्वासनावर विसंबलेले घर महिनोन्‌महिने वाट पाहते, आणि ज्याला मुळात ऐकूच येत नाही त्या बाळाशी इंग्रजीत बोलत राहते.