स्थळ पाहिजे

आमच्या घराण्यात स्थळे जुळवावीत ती आत्यानेच. तिने जुळवलेले एकही लग्न मोडलेले नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ओहायोला तिच्याकडे गेलो आणि पलंगाखालचे खोके ओढून ती म्हणाली, "अरे, या सव्वीस जणींना कुठं उजवता येतंय का बघ, माझे हात टेकले," तेव्हा प्रकरण साधे नाही हे मी ओळखले.

आतोबांना जाऊन दोन वर्षे झाली. तिथल्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. आता घर विकले होते आणि आत्याला मुलाकडच्या दोन खोल्यांत संसार मावायचा होता. खोक्यात आतोबांच्या 'फिल्म लूप' होत्या.

पुष्कळ वाचकांनी ही चीज पाहिली नसेल. तळहाताहून थोडी मोठी, चपटी प्लॅस्टिकची डबी. आत आठ मिलिमीटरची मुकी फीत, दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली. वेटोळ्याच्या पोटातून फीत बाहेर येते, दिव्यासमोरून जाते आणि पुन्हा वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळली जाते. थर एकमेकांवरून सतत घसरायला हवेत, म्हणून तिला वंगण दिलेले असते. डबी यंत्रात सरकवली की झाले. ओवणे नाही, उलटे गुंडाळणे नाही. फार तर चार मिनिटांचा खेळ, पण बंद करीपर्यंत संपत नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी अशा डब्या हौसेने घेतल्या. पुढे व्हिडिओ आला आणि यंत्रे अडगळीत गेली.

ओहायोतल्याच केनियन कॉलेजचे प्राध्यापक फ्रँकलिन मिलर यांनी अशा कितीतरी फिती तयार केल्या. त्यांतली टॅकोमा पुलाची सर्वांत गाजलेली. हा झुलता पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून खाली आला. बळी गेला तो फक्त एका मोटारीत अडकलेल्या कुत्र्याचा. त्याला सोडवायला गेलेल्या प्राध्यापकालाच तो बिचारा घाबरून चावला! (प्राध्यापकांच्या नशिबी सर्वत्र हेच.)

आत्याने आधी एका ग्रंथालयाला विचारले होते. उत्तर आले, "हे सगळे आता संगणकावर आहे." आहे खरे. पण २०१५ साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, मूळ चित्रण सेकंदाला १६ चित्रांच्या गतीचे असताना पुढच्या प्रतींत ते २४ च्या गतीने धावते. पूल प्रत्यक्षात मिनिटाला सुमारे १२ हेलकावे खात होता, संगणकावर तो १८ खातो. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो घाईतला पूल पाहून गणिते सोडवली! जुनी प्रत हाताशी असावी ती अशासाठी. एका संग्रहालयाकडे डब्या भरपूर होत्या. एका हौशी संग्राहकाला नुसते यंत्र हवे होते. आतोबांच्या यंत्राचा रबरी पट्टा तर वितळून डिंक झाला होता.

शिवाय दोन डब्यांना आंबूस वास येत होता. ॲसिटेटची फीत कुजू लागली की व्हिनेगरसारखी दरवळते आणि शेजारणींनाही बाधते. आमच्या आजीचे सोवळे आम्ही थट्टेवारी नेले, पण इथे ते पाळणे भाग होते. त्या दोघींना आम्ही गॅरेजमध्ये वेगळे बसवले.

अखेर दोन तासांच्या अंतरावरचे एक निवृत्त शिक्षक सापडले. पदार्थविज्ञानाचेच. स्वतः दुरुस्त केलेले यंत्र मोटारीत घालून ते आले. एकेक डबी उजेडात धरून पाहिली आणि सव्वीसच्या सव्वीस घेतो म्हणाले, आंबलेल्या दोन्हींसह.

तेवढ्यात आत्याने कपाटातून सत्ताविसावी काढली. तिच्यावर आतोबांच्या अक्षरात देवनागरीत लिहिले होते : 'झोका'. स्वतः घेतलेल्या चित्रणाची प्रत त्यांनी अशा डबीत भरून घेतली होती. गृहस्थांनी ती हलवून पाहिली आणि तोंड बारीक केले. वंगण सुकले होते. आधी डबी फोडून कारागिराकडून एकेक चित्र उतरवून घ्यावे, यंत्रात फीत अडकून फाटू शकते, असे ते म्हणाले. त्यांचे बरोबर होते. मीही तेच म्हणालो.

"किती दिवस लागतील?" आत्याने विचारले.

"काही आठवडे."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लावा."

भिंतीवर अंगणातला झोपाळा आला. त्यावर साडी नेसलेली, लांब वेणीची एक मुलगी झोके घेत होती, आणि कोपऱ्यात एक हात घड्याळ धरून उभा होता. लंबकाचा धडा! रंग उडून सारे गुलाबी झाले होते. ती पुढे येई, मागे जाई, चार मिनिटे सरत आणि पुन्हा तीच पुढे येई. फीत कुरकुरत होती, गृहस्थांचे बोट बटणावर होते आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"साडी हिरवी होती रे," आत्या म्हणाली. "राहू दे, एवढ्यात नको बंद करू."