नाव महाराजांचे, टाकसाळ कोणाची? (थ्रेड)

ऑनलाइन लिलावात आज शे-दीडशे रुपयांपासून शिवराई मिळते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक तरुण इतिहासप्रेमी संग्रहातील पहिले नाणे म्हणून तीच घेतात. अवश्य घ्यावी. आक्षेप नाण्यावर नाही. छायाचित्राखाली विक्रेता जे लिहितो आणि आपण मुकाट्याने जे मान्य करतो, त्यावर आहे: ‘अतिदुर्मीळ, शिवकालीन, महाराजांच्या हातचे नाणे.’

तांब्याच्या शिवराईचा आरंभ १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडला जातो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली ती १६५७ मध्ये. तेव्हा दुर्गाडीच्या उभारणीशी नाते सांगून कोणी शिवराई विकू लागला, तर त्याला मधल्या सतरा वर्षांचा हिशेब विचारावा.

मुख्य घोटाळा याहून मोठा आहे. हीच अक्षरे महाराजांच्या पश्चात दीडशे वर्षे नाण्यांवर उमटत राहिली. अक्षरांच्या मधून दोन आडव्या रेघा दिसल्या की ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातील. स्वस्त लिलावांत बहुतांशी हीच येते. पेशवाईत तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने सरकार खाजगी माणसांना देई. नाण्याचे वजन ठरवून दिलेले असे, परवान्याची रक्कम सरकारात भरावी लागे. कोकणातील अशा परवान्यांची हकीकत न्यायमूर्ती रानडे यांनी मराठेशाहीतील नाणी व टाकसाळींवरील आपल्या निबंधात दिली आहे. पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षे कंपनीच्या अमलाखाली शिवराई पाडली जात होती. राज्य इंग्रजांचे आणि नाण्यावर छत्रपती! बाजाराचा विश्वास त्या नावावर होता, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या बखरीतूनही दिसणार नाही.

अशा नाण्याला ‘शिवकालीन’ म्हणणे ही भक्ती नव्हे. टाकसाळीचा मक्तेदार, ठसा मारणारा कारागीर, १७३७ नंतर मराठ्यांच्या ठाण्यात पैसा मोजून घेणारा वाणी, या सर्वांना आपण इतिहासातून हाकलून देतो, आणि तेही विक्रेत्याचे चार पैसे वाढावेत म्हणून.

‘दुर्मीळ’ शब्दाचीही तीच गत. ती विपुल पाडली गेली, म्हणूनच स्वस्त आहे. (आणि कृपा करून ती चिंच-राखेने घासू नका. दोनशे वर्षांचा थर पाच मिनिटांत जातो.)

सोन्याच्या होनाचे तर बोलायलाच नको. होन साधारण पावणेतीन ग्रॅमचा. दोन-तीन हजारांत ‘अस्सल होन’ देणाऱ्याला एवढेच विचारा की तेवढ्या पैशांत आज तेवढे सोने तरी येते का?

राहिला ‘शेतात सापडली’ हा मजकूर. विश्वास बसावा म्हणून तो लिहितात. वस्तुतः तो कबुलीजबाब आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याकडे वजन, दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे आणि परवान्याचा क्रमांक मागा.