टीव्ही घेण्याआधी मेकॅनिकला विचारा

कांद्याचे पैसे हातात आले किंवा घरात लग्न ठरले की आमच्या चांदवडमध्ये टीव्हीची चौकशी सुरू होते. मी शिकवतो उर्दू आणि मराठी, पण पालक विचारतात, "सर, एलईडी घेऊ की क्यूएलईडी? आता ओएलईडी पण आलाय म्हणे." प्रश्न तंत्राचा असला तरी काळजी वेगळीच असते. एवढे पैसे घालायचे, तर हा डबा किती वर्षे चालेल? माझे मत असे की, त्याचे उत्तर खोक्यावर छापलेल्या अक्षरांत सापडत नाही.

ती अक्षरे आधी समजून घेऊ. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. पडद्यामागे पूर्वी ट्यूबलाइटसारखे बारीक दिवे असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात, एवढाच फरक. मिनी एलईडीत तेच दिवे खूप लहान आणि संख्येने जास्त असतात. क्यूएलईडीत त्याच एलसीडीवर क्वांटम डॉटचा एक थर चढतो. हे क्वांटम डॉट म्हणजे मोठे संशोधन आहे. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना त्यासाठीच मिळाले. रंग खुलतात, यात शंका नाही. पण मागचा दिवा मात्र तोच राहतो. ओएलईडी खरोखर वेगळा आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. मात्र एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिले, तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांची वाहिनी आणि तिची खालची पट्टी चालू ठेवणाऱ्या घरांत मी ओएलईडी सुचवणार नाही.

नवे तंत्र म्हणजे टिकाऊ तंत्र असेही नाही. प्लाझ्मा टीव्ही आठवतो का? लोकांनी हौसेने जाडजूड पैसे मोजून घेतला आणि २०१४ संपता संपता पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी तिघांनीही तो बनवणे थांबवले.

आता बिघडते काय, ते बघा. आवाज येतो पण पडदा काळा, ही घरोघरची तक्रार. अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. चित्र पुसट दिसले तर समजा मागच्या पट्ट्या गेल्या. हे काम सांभाळून उघडणारा मेकॅनिक थोडक्यात करून देतो. पण खुद्द पॅनेल गेले किंवा तडकले, तर नव्या पॅनेलचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या आसपास जातो. मग तो टीव्ही भंगारातच जातो. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात गावचा कारागीर सोल्डरिंग गन घेऊन घरी यायचा आणि तोच टीव्ही पंधरा वर्षे ओढायचा. ते दिवस गेले.

पट्ट्या लवकर का जातात? दुकानात पडदा झगमगावा म्हणून ब्राइटनेस शंभरावर ठेवलेला असतो आणि घरी आणून तो कुणी बदलत नाही. तो निम्म्यावर आणा, संच कमी तापतो. शिवाय आपल्याकडची वीज! कागदावर २३० व्होल्ट, पण शेतीपंप चालू झाले की काय होते ते सांगायला नको. टीव्हीवर खर्च करताना स्टॅबिलायझरचे पैसे वाचवू नयेत.

कंपनीचे नावही नीट पारखावे लागते. औरंगाबादजवळच्या चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन म्हणजे आपल्या मराठी मुलखाचा अभिमान. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय आता चीनच्या हायसेन्सकडे आहे. थॉमसन, ब्लाऊपंक्ट ही युरोपची नावे, पण आपल्याकडे त्या नावांचे टीव्ही परवान्यावर बनवते नोएडाची एक कंपनी. यात गैर काही नाही. फक्त वॉरंटी कोण देतो आणि त्याचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे विचारावे. नाशिक आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, मालेगाव चाळीसच्या आसपास. मोठा टीव्ही बसमध्ये नेता येत नाही. ओळखीच्या एका पालकांनी स्वस्तातला टीव्ही ऑनलाइन घेतला. दुसऱ्या वर्षी तो बंद पडला, तेव्हा कंपनीचे उत्तर आले की, सुटा भाग उपलब्ध नाही. म्हणून खरेदीआधी गावातल्या मेकॅनिकला विचारा, "कुठल्या कंपनीच्या पट्ट्या आणि बोर्ड तुला सहज मिळतात?" सेल्समनच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्याचे एक वाक्य जास्त कामाचे. आणि पक्के जीएसटी बिल घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण हातात बिल नसेल तर पुढे बोलायचे काय?

स्मार्टपणासाठी जादा पैसे देऊ नयेत, हे माझे ठाम मत आहे. काही वर्षांनी अपडेट थांबतात, ॲप चालेनासे होतात. तेव्हा एचडीएमआयला लावायची काठी काही हजारांत मिळते. पडदा चांगला घ्या, अक्कल नंतर बाहेरून जोडता येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून दहा बाय बाराच्या खोलीतही ५५ इंची लावायचा आग्रह वाढलाय. तिथे ४३ इंची भरपूर झाला. त्यात 'झीरो टक्के' हप्त्याची लालूच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यात मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी. सूद टाळतो म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी तरी तो कागद नीट वाचावा.

सर्वात जास्त खटकते ते जहेजमधले. ओनिडाच्या शिंगवाल्या सैतानाने शेजाऱ्याच्या जळफळाटावर टीव्ही विकले. आता तेच काम लग्नाच्या मांडवात होते. सामान मांडून ठेवतात आणि येणारे-जाणारे इंच मोजतात. मुलीचा बाप दोन वर्षे हप्ते भरत असतो आणि टीव्ही एखादवेळी त्याआधीच बंद पडतो. मला विचारायला आलेल्या अशा बापाला मी मॉडेल सुचवत नाही. मुलाकडच्यांना टीव्ही खरेच हवा असेल, तर तो त्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यावा, एवढे त्यांच्या तोंडावर सांगायला मी सोबत येतो, असे म्हणतो. आजवर दोघांनी मला सोबत नेले.