बहात्तर तास कोणाच्या मालकीचे?

सोमवारी सकाळी आमच्या सल्ला केंद्राचे कुलूप उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती. चार घरची धुणीभांडी करणारी, दोन मुलांची आई, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. शुक्रवारी रात्री नवरा पिऊन आला होता. निरोध वापरायचा त्याला कंटाळा. "नको म्हटलं तरी ऐकलं नाही," एवढेच ती म्हणाली. शनिवारी कामावरून येताना ती औषधाच्या दुकानात गेली. गल्ल्यावरच्या पोराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." दुसऱ्या दुकानदाराने, "असल्या गोळ्या आम्ही ठेवत नाही," म्हणून वाटेला लावले. रविवारी आशाताई गावाला गेलेल्या. ती आमच्याकडे पोचली तोवर साठ तास उलटून गेले होते.

आम्ही गोळी मिळवून दिली. गोळी घेऊन ती तशीच कामावर गेली आणि तासाभरात तिला उलटी झाली. उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कोणी म्हणजे मीच. घाईत माझ्याकडून राहून गेले. त्या महिन्यात पाळी आली नाही. पुढे गर्भपातासाठी ती ज्या दवाखान्यात गेली, तिथे तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली. अठरा वर्षांवरील स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, हे तिथे भांडून सांगावे लागले.

हा प्रसंग सांगते आहे तो तिची दया यावी म्हणून नाही. त्या तीन दिवसांत एका बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय किती जणांच्या हातातून फिरला ते आपण मोजावे, म्हणून. नवरा, दुकानातला पोरगा, न मिळालेली आशाताई, आणि पदव्युत्तर पदवी घेतलेली मी. तिच्या स्वतःच्या हातात तो सगळ्यात शेवटी आला, आणि तोही अर्धवट माहितीनिशी.

आधी माहितीबद्दल बोलू. गटांमध्ये या गोळीविषयी जेवढे गैरसमज मी ऐकते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही गर्भनिरोधकाबद्दल ऐकत नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेत असत. गोळीचे मुख्य काम बीजकोशातून बीज बाहेर पडणे लांबवणे हे आहे. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्या काळात बीजच बाहेर आले नाही तर गर्भ राहत नाही. एकदा गर्भ रुजला की ही गोळी त्याला काही करू शकत नाही. तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. म्हणजे ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. हा फरक आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

गोळी जेवढी लवकर घ्यावी तेवढी उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. पहिल्या चोवीस तासांत गोळी घेतलेल्यांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. आकडे अभ्यासागणिक थोडे बदलतात, पण उशिराचा फटका त्यातून समजतो. बहात्तर तासांनंतरही पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण तोवर तांबी बसवून घेणे हा कितीतरी खात्रीचा उपाय असतो. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तातडीचे काम तर करतेच, शिवाय पुढे काही वर्षे संरक्षणही देते. त्या सोमवारी हा पर्याय मी तिच्यापुढे ठेवायला हवा होता.

बाकीच्या गोष्टी गटात पाठ करून घ्याव्यात अशा आहेत. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. मळमळ, डोकेदुखी, थकवा, मधेच थोडे रक्त जाणे हे होऊ शकते आणि आपोआप थांबते. पाळी काही दिवस पुढेमागे होऊ शकते, मात्र अपेक्षित तारखेनंतर आठवडा उलटला तर लघवीची तपासणी करून घ्यायची. ओटीपोटात जोराची कळ येत असेल, तेही पाळी चुकलेली असताना, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही गोळी चालते. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधे चालू असतील तर गोळीचा प्रभाव कमी होतो. अशा बाईने डॉक्टरांना तसे सांगावे, तिच्यासाठी तांबी बरी. वजन बरेच जास्त असेल तरीही गोळी कमी पडू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ही गोळी झालेल्या संबंधापुरती असते. बीज लांबणीवर पडलेले असते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात संबंध आला तर दिवस राहण्याची शक्यता उलट अधिक. तिथून पुढे निरोध किंवा दुसरे साधन लागतेच. एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून गोळी काहीच संरक्षण देत नाही.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या शिबिरात मी मुलींना सांगितले होते की ही गोळी वर्षातून एकदाच घ्यावी, नाहीतर पुढे मूल होत नाही. मला तसे कोणीतरी सांगितले होते आणि मी ते पुढे ढकलले. ते खोटे आहे. या गोळीने वांझपण येत नाही, कॅन्सर होत नाही, आणि गरज पडली तर ती पुन्हा घेता येते. नेहमीचे साधन म्हणून ती घेऊ नये, याचे कारण वेगळे आहे. रोजच्या गोळ्या किंवा तांबीपेक्षा ती बरीच कमी भरवशाची आहे, आणि वरचेवर घेतल्यास पाळीचे वेळापत्रक बिघडते. त्या शिबिरातली एक मुलगी नंतर मला भेटली. गरज असतानाही माझ्या शब्दाला घाबरून तिने गोळी घेतली नव्हती. भीती घालून शिकवलेल्या आरोग्याची किंमत कोण मोजते, हे मला त्या दिवशी कळले.

भीती घालणारे आणखीही आहेत. केंद्र सरकारने ही गोळी २००२ साली कुटुंबकल्याण कार्यक्रमात आणली आणि २००५ साली ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. तेव्हापासून, मुली मोकाट सुटतील, ही ओरड थांबलेली नाही. तामिळनाडूत तर दुकानांतून ही गोळी कित्येक वर्षे जवळजवळ गायबच झाली. आपल्याकडे २०१२ नंतर बेकायदा लिंगनिवडीविरुद्धची कारवाई कडक झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तिच्या धाकाने दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे सोडले आणि अनेकांच्या मनात ही गोळीही त्याच खात्यात जमा झाली. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. शंभर वर्षे झाली. गल्ल्यावरच्या पोराची नजर मात्र अजून तिथेच अडकलेली आहे.

पण मैत्रिणींनो, मला अधिक बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या संशयाबद्दल. आपल्या चळवळीने संप्रेरकांच्या गर्भनिरोधकांविरुद्ध मोठा लढा दिला. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने, दिल्लीच्या सहेलीने आणि इतर मैत्रिणींनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. बायकांना धड माहिती न देता सुया टोचल्या जात होत्या, हा त्यांचा आक्षेप होता. ज्येष्ठ मैत्रिणींकडून हे ऐकतच मी या कामात आले आणि त्या लढ्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच एखाद्या बैठकीत, "ही गोळी म्हणजे तेच कंपन्यांचे कारस्थान," असे कोणी म्हणते तेव्हा मला ते उडवून लावता येत नाही.

तरीही मला वाटते की इथे आपण फरक केला पाहिजे. टोचलेले इंजेक्शन तीन महिने शरीरातून काढता येत नाही, दंडात बसवलेली नळी काढायला डॉक्टरच लागतो. तिथे सूत्रे देणाऱ्याच्या हातात असतात. ही गोळी बाई स्वतः मागते, स्वतः घेते, आणि तिचा अंमल थोड्या दिवसांत संपतो. आपला विरोध संप्रेरकांना होता की बाईच्या नकळत, तिच्या संमतीशिवाय तिच्या शरीरावर होणाऱ्या प्रयोगांना? दुसरे उत्तर खरे असेल, तर दुकानातून परत पाठवलेली बाई ही आपल्याच लढ्याचा पुढचा प्रश्न आहे.

कंपन्यांना मोकळे सोडा असे मी म्हणत नाही. खाजगी कंपन्यांनी २००७ पासून जाहिरातींचा जो मारा केला, त्यात सारी चिंता बाईची आणि सारी सुटका गोळीची, पुरुष कुठेच नाही. आशाताईंमार्फत दोन रुपयांत मिळण्याची योजना असलेली गोळी दुकानात शंभराच्या आसपास विकली जाते. आणि केंद्रात आता नव्या तक्रारी येतात. "गोळी आहे ना, मग निरोध कशाला?" असे म्हणणारे नवरे आणि मित्र वाढले आहेत. एका मुलीने दोन महिन्यांत चार वेळा गोळी घेतली होती, कारण दर वेळी तो आधी वचन द्यायचा आणि नंतर गोळी आणून द्यायचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. जिथे पाळणा थांबवण्याची जबाबदारी अशी एकाच अंगावर आहे, तिथे नवी गोळी आली की तीही त्याच अंगावर पडणार. पण याचा उपाय बाईच्या हातातली गोळी काढून घेणे हा नाही.

आणि शुक्रवारच्या त्या रात्रीचे काय? "नको म्हटलं तरी ऐकलं नाही." पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला भारतीय न्याय संहिता बलात्कार म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एवढे मान्य केले की गर्भपाताच्या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात नवऱ्याचा बलात्कारही येतो, आणि अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क आहे. म्हणजे गर्भ राहिला तर कायदा तिचे ऐकेल, पण त्या रात्रीबद्दल नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या कोणत्याही स्त्रीला सरकारी वा खाजगी दवाखान्याने विनामूल्य उपचार देणे २०१३ पासून कायद्याने बंधनकारक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीचे गर्भनिरोधन त्या उपचाराचा भाग आहे. एचआयव्हीप्रतिबंधक औषधेही बहात्तर तासांच्या आतच सुरू करावी लागतात. पोलिसांची चिठ्ठी आणा, मग बघू, असे कोणी म्हणत असेल तर तो तिचे तास चोरतो आहे.

आपण काय करू शकतो? प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या आशाताईंच्या पिशवीत ही गोळी आहे का ते विचारावे, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी मागणी करावी. दोघी-तिघींनी मिळून जवळच्या औषध दुकानदाराशी बोलावे. चिठ्ठी लागत नाही आणि ही गर्भपाताची गोळी नव्हे, हे त्याला शांतपणे पण ठामपणे सांगावे. जमेल तिथे केंद्राच्या कपाटात चार गोळ्या आणि सोप्या मराठीतला एक कागद ठेवावा. आणि निरोधाबद्दलचे सत्र फक्त बायकांसाठी घेण्याची आपली सवय मोडावी.

ती बाई पुढे तांबी बसवून घेऊन गेली. परवा तिच्या वस्तीत बैठक होती. मी उलटीचा मुद्दा सांगायच्या आधीच मागून तिचाच आवाज आला, "ताई, उलटी झाली तर दुसरी घ्यायची, ते सांगा की पहिलं." बायका हसल्या, मग एकीने विचारले, मग दुसरीने. बैठक दोन तास चालली.