१२१ वेळा हरल्यावर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि विषय ऐकून घरातले सगळे हसले. "आजी, तू आणि बेसबॉल?" हसू देत. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. क्रिकेटच्या आधारावर निम्मं समजतं, बाकीचं नातू समजावतो. पण 'नापास होणं' या विषयावर, इतकी वर्षं शाळेत काढल्यावर, दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

नातू शिकागोत वाढलेला, म्हणून त्याचा संघ व्हाइट सॉक्स. तिथल्या मेजर लीगमध्ये एकेका संघाला हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज एक. २०२४ साली व्हाइट सॉक्सनी त्यातले ४१ जिंकले आणि १२१ हरले. १९०० सालानंतर एका हंगामात इतके सामने कुणीही हरलं नव्हतं. त्याआधीचा 'विक्रम' न्यूयॉर्क मेट्सचा, १९६२ सालचा, १२० पराभवांचा. पण तो संघ त्याच वर्षी जन्माला आला होता, म्हणजे पहिलीतलंच मूल म्हणा ना! व्हाइट सॉक्स हे जुनं घराणं, २००५ साली वर्ल्ड सिरीज जिंकलेलं.

सुरुवातच अशी की पहिल्या २५ सामन्यांपैकी २२ हरले. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने २१ हरले. ती माळ तुटली आणि दोनच दिवसांत मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना घरी पाठवलं. (त्यांच्याकडे मॅनेजर म्हणजे आपला प्रशिक्षक.) दरम्यान जुलैअखेर संघातले काही बरे खेळाडूही दुसऱ्या संघांना देऊन टाकले होते. जगभर विनोद सुरू झाले. आमच्या घरातही झाले, खोटं कशाला सांगू.

मला मात्र शेवटचा आठवडा विसरता येत नाही. १२० पराभव झालेले, सहा सामने उरलेले. त्यातले पहिले तीन शिकागोत. आणखी एक हरले की विक्रम, म्हणून काही लोक तो पराभव बघायलाच आले होते. 'संघ विका' अशा मालकांविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. पहिल्या सामन्यात आठव्या डावापर्यंत दोन धावांनी मागे होते, त्याच डावात तीन धावा काढल्या आणि जिंकले. मग दुसराही जिंकले, तिसराही. नंतर डेट्रॉइटला जाऊन तो १२१ वा सामना हरले. झाला एकदाचा विक्रम. मग? मग उरलेले दोन सामने खेळले, आणि दोन्ही जिंकले! गुणतक्त्यात त्याने काडीचा फरक पडणार नव्हता.

हे वाचताना मला आमची दहावी आठवली. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून आमच्याकडे नववीतच चाळणी लागायची. कच्च्या मुलांना नववीतच ठेवायचं, नाहीतर पालकांना बोलावून सांगायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. त्या याद्या मीही केल्या आहेत, माझ्या अक्षरात. एका मुलाचे वडील मला म्हणाले होते, "बाई, नापास झाला तर होऊ दे, पण बसू तर द्या त्याला." मी नाही बसू दिलं. त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले. मीही खाल्ला.

व्हाइट सॉक्सच्या बाबतीत असं करता येत नव्हतं. वेळापत्रकात १६२ सामने म्हणजे १६२. काल वाईट हरलात म्हणून आज कुणी तुमचं नाव पटावरून काढत नाही. दुसऱ्या दिवशी फलकावर पुन्हा शून्य-शून्य.

यावर कुणी म्हणेल, हे लाखो डॉलर घेणारे खेळाडू, त्यांची आणि गरीब पोरांची कसली तुलना? शिवाय इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात, अमेरिकेत जात नाहीत, म्हणून तर मालक निवांत असतात. हे मला मान्य आहे. घोषणा देणाऱ्यांचा रागही मला रास्त वाटतो. पण तो मालकांवर होता. संघ कुणी निवडला, बरे खेळाडू कुणी देऊन टाकले, याचा जाब वरच्यांना विचारावा, आणि खेळणाऱ्याला उद्याचा सामना द्यावा. आम्ही शाळेत नेमकं उलटं करत होतो. शिकवण्यात कमी पडलो आम्ही, आणि मैदानाबाहेर काढलं मुलांना.

२०२५ साली व्हाइट सॉक्सनी ६० जिंकले, १०२ हरले. म्हणजे चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण १९ विजय वाढले. नातू म्हणतो, "आजी, १९ म्हणजे पुष्कळ झाले."

खरंच पुष्कळ झाले. त्या मुलाला मी बसू दिलं असतं तर तो कदाचित नापासच झाला असता. पण ते त्याच्या पेपरवरून ठरलं असतं, माझ्या यादीवरून नव्हे.