उसन्या मायानगरीचा मोह

एप्रिल २०२५ मध्ये युनिव्हर्सल या अमेरिकी चित्रपटसंस्थेने इंग्लंडमधील बेडफर्ड येथे चित्रपटांवर आधारलेले भव्य मनोरंजन उद्यान उभारण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात डिस्नेने अबुधाबीसाठी तशीच घोषणा केली. अशा वार्ता आल्या की, आपल्याकडे असे आंतरराष्ट्रीय उद्यान कधी होणार, हा प्रश्न उपस्थित होतो. ते झालेच तर मुंबई-पुण्याच्या आसपासच का, मराठवाड्याने काय घोडे मारले आहे, हा उपप्रश्न नांदेड-लातूरकडून ओघानेच येतो. मागासलेपणाचा शिक्का वर्षानुवर्षे कपाळी वागवणाऱ्या प्रदेशाला असा प्रश्न पडावा, यात गैर काही नाही. मात्र उत्तर देण्यापूर्वी अशी उद्याने कशाच्या बळावर उभी राहतात आणि कशामुळे डबघाईला येतात, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

करमणूक म्हटली की नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. पोटाला अन्न नाही तेथे पाळणे कसले, असा त्याचा युक्तिवाद असतो. वस्तुत: मराठवाड्याच्या कष्टकरी समाजाने आनंदाला कधी पाप मानले नाही. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. तेथे देवदर्शन आहे, घोड्यांचा बाजार आहे, तमाशाचे फड आहेत आणि आकाशपाळणेही आहेत. गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा लागत असे, तेव्हा पडदा आणि पाळणा शेजारी-शेजारीच असत. चित्रपट आणि खेळ एकत्र आणण्याची कल्पना अमेरिकेहून आल्यावरच आपल्याला समजली, असे मुळीच नाही. फरक इतकाच की, जत्रेचा यजमान गाव असतो, तर आयात केलेल्या उद्यानात गाव केवळ गिऱ्हाईक असतो.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झाले, तेव्हा अमेरिकेतील मुलांना त्यातील पात्रे चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरून आधीच ठाऊक होती. युनिव्हर्सलने १९६४ पासून आपल्या चालू स्टुडिओतून प्रेक्षकांना गाडीत बसवून फिरवण्यास प्रारंभ केला. त्या फेरीतूनच पुढे उद्यान वाढले. दोन्ही ठिकाणी कथा आधी होती, उद्यान नंतर आले. जेथे केवळ पैसा आणि नाव आयात केले गेले, तेथील अनुभव वेगळा आहे. दुबईत युनिव्हर्सल स्टुडिओ उभारण्याची योजना २००७ साली जाहीर झाली. पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि वाळवंटात प्रवेशद्वाराची कमान तेवढी उभी राहिली. तेलसमृद्ध आखातात ही गत झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील अनुभव तर अगदी जवळचा आहे. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये 'इमॅजिका' सुरू झाले. चित्रपटव्यवसायात मुरलेले मनमोहन शेट्टी त्याचे प्रवर्तक होते. 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या चित्रपटावर बेतलेली सफर, भारतात आढळलेल्या राजासॉरस या डायनासोरच्या नावाची जलसफर अशा अनेक कल्पना तेथे साकारल्या गेल्या. बांधणीचा दर्जा उत्तम होता, देशी कथेचे भानही होते. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे आणि जवळून जाणारा द्रुतगती मार्ग, यापेक्षा मोक्याची जागा मिळणे कठीण. तरीही कर्जाचा बोजा पेलवला नाही. हप्ते थकले, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे सूत्रे गेली. तेव्हा कोठे उद्यानाचे गाडे रुळावर आले. दोन महानगरांच्या मध्ये जे जड गेले, ते नांदेड-लातूरच्या मध्ये कसे पेलेल, याचे उत्तर घोषणांच्या पलीकडे जाऊन दिले पाहिजे.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. अशा उद्यानाला जलक्रीडेची जोड आता जवळजवळ अपरिहार्य झाली आहे. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले, त्या दिवशी सारा देश लातूरकडे पाहत होता. ज्या शहरातील माणसांनी घागरीसाठी रात्री जागून काढल्या, त्या शहराच्या सीमेवर कृत्रिम लाटांचे तळे बांधण्याआधी धोरणकर्त्यांना दहादा विचार करावा लागेल. पावसाळा चांगला झाला की हे विसरले जाते. दुष्काळ मात्र विसरत नाही.

मग नांदेड-लातूरच्या मुलांनी सहलीची बस धरून हैदराबादलाच जात राहावे काय? हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपटसंकुल म्हणून तिची नोंद झाली. मराठवाड्यातील शाळांच्या सहलींचे ते नेहमीचे ठिकाण आहे. तिच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आंध्रातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या रामोजी रावांनी ती उभी केली. हॉलीवूडच्या नावाची उसनवारी केली नाही. आपल्या भाषेतील चित्रपट आधी, पर्यटक नंतर, असा तेथील क्रम होता. 'ईटीव्ही मराठी' या वाहिनीचा कारभारही याच संकुलातून चालत असे. मराठी माणसाला मराठी कार्यक्रम हैदराबादहून पाहावे लागले, यात तेलुगू माणसाचा दोष नाही. ते आपल्या उदासीनतेचे माप आहे.

याहून उद्बोधक उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. पॅरिसजवळ १९९२ साली डिस्नेचे उद्यान झाले, तेव्हा फ्रेंच बुद्धिमंतांनी त्यावर सांस्कृतिक आक्रमण म्हणून टीकेची झोड उठवली. परंतु पश्चिम फ्रान्समधील वाँदे या ग्रामीण प्रांताने टीका करत न बसता स्वत:चे उत्तर आधीच शोधले होते. तेथील 'प्युई द्यु फू' या भग्न गढीच्या पार्श्वभूमीवर १९७८ साली गावकऱ्यांनी आपल्या प्रांताचा इतिहास रात्रीच्या भव्य प्रयोगातून मांडण्यास सुरुवात केली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात वाँदेच्या शेतकऱ्यांनी केलेला उठाव आणि त्यांचा झालेला संहार राष्ट्रीय इतिहासात झाकोळला गेला होता. तो त्यांनी स्वत: सांगितला. काही हजार स्थानिक स्वयंसेवक त्या प्रयोगात उतरतात. कोणी घोडेस्वार, कोणी प्रकाशयोजनाकार, कोणी शिवणकाम करणारी गृहिणी. पुढे १९८९ साली त्याला जोडून उद्यान झाले. त्यात पोटात गोळा आणणारे पाळणे नाहीत. तरी वर्षाला वीस लाखांहून अधिक लोक येतात. २०२१ मध्ये तर स्पेनच्या तोलेदो येथे त्यांनी दुसरे उद्यान उघडले. जगाला दाखवण्यासारखे घरातच काही असेल, तर जग खेड्यातही येते.

घरात काही आहे का, हाच खरा प्रश्न असेल, तर मराठवाड्याने संकोच करण्याचे कारण नाही. वेरूळचे कैलास लेणे घडवणारे राष्ट्रकूट सम्राट स्वत:ला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी राज्यभरातून लातुरात येणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना हे कोणी सांगितले असेल? कंधारला किल्ला आहे, होट्टलला चालुक्यकालीन मंदिरांचे अप्रतिम शिल्प आहे. १७६० च्या प्रारंभी उदगीरच्या रणात सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि तेथूनच पानिपताची वाट सुरू झाली. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या घटनेच्या त्रिशताब्दीसाठी २००८ मध्ये लाखो भाविक आले, रस्ते व घाट झाले, विमानतळाचे रूप पालटले. नांदेडला त्या वर्षी जगाच्या नकाशावर आणले ते कोणत्याही पाळण्याने नव्हे.

आणि सर्वांत जवळचा, तरीही सर्वांत दुर्लक्षित इतिहास हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तेरा महिने हा प्रदेश पारतंत्र्यात होता. बिलोली तालुक्यात गोविंदराव पानसरे यांनी १९४६ सालीच हौतात्म्य पत्करले होते. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याच्या निधीसाठी उमरीच्या बँकेवर छापा घातला. रझाकारांचे अत्याचार, सीमेवरील छावण्या, स्वामी रामानंद तीर्थांचा तुरुंगवास आणि अखेर १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तीचा दिवस! यातील कोणत्या प्रसंगाला चित्रपटाच्या पटकथाकाराची मदत लागेल? वाँदेच्या शेतकऱ्यांनी जे केले, ते उमरी-बिलोलीच्या शेतकऱ्यांच्या नातवंडांना अशक्य का असावे?

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. पुण्याजवळ आंबेगाव येथे शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या ध्यासातून साकारत असलेल्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा, 'सरकारवाडा', १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. बाबासाहेब तो पाहण्यास हयात नव्हते. पण ध्यास एका आयुष्यापेक्षा मोठा असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. शिर्डीत साईचरित्रावर आधारलेले 'साई तीर्थ' हे उद्यानही चालते. चरित्र, भक्ती आणि तंत्र यांचा मेळ बसतो व लोक तिकीट काढून तो पाहतात, हे या दोन ठिकाणी दिसले आहे.

मराठवाड्यासाठी आरंभ याहूनही लहान असू शकतो. एका किल्ल्याच्या आवारात, पुरातत्त्व खात्याच्या नियमांना बाध न आणता, हिवाळ्यातील आठवड्याचे दोन दिवस रात्रीचा प्रयोग व्हावा. संहिता येथील अभ्यासकांनी लिहावी. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडात आहे, त्याचे उपकेंद्र लातुरात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी भूमिका, ध्वनी आणि प्रकाश सांभाळावा. जत्रांतील लोककलावंतांना त्यात मानाचे स्थान असावे. याला हजारो कोटींचे कर्ज लागत नाही, नदीचे पाणी लागत नाही. परदेशी संस्थेच्या उद्यानात येथील तरुणाला वाहनतळावर शिट्टी वाजवण्याचे काम मिळेल. स्वत:च्या प्रयोगात त्याला आजोबांची भूमिका मिळेल. या दोन रोजगारांतील अंतर केवळ पगाराचे नाही.

मुलांना आनंद हवा, तो त्यांचा हक्कच आहे. पण आपल्या गावातही पाहण्यासारखे काही घडले होते, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते कोणत्याही आयात पाळण्यात विकत मिळत नाही. १७ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी ध्वजारोहण आणि भाषणांनी साजरा होतो आणि दुपारपर्यंत संपतो. त्या दिवसाची रात्र अजून मोकळी आहे. नांदेड-लातूरने ती मागून घ्यावी.