कठीण म्हणजे खरे नव्हे!

आभासी टेनिसच्या खेळांविषयी एक खुळी समजूत सध्या फार फोफावली आहे. तिच्याविरुद्ध कुणीतरी बोलायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच. समजूत अशी, की जो खेळ जास्त कठीण तो जास्त खरा.

डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, मुठीत कंट्रोलर धरायचा आणि बैठकीच्या खोलीतले टीपॉय बाजूला सारून विम्बल्डनच्या हिरवळीवर सर्व्हिस करायची, हे आता पणजी-मडगावातही नवलाचे राहिलेले नाही. यातले काही खेळ तर नावातच खरेपणाचा शिक्का मारून येतात. ‘फर्स्ट पर्सन टेनिस’ या खेळाचे उपनाव ‘द रिअल टेनिस सिम्युलेटर’ असे आहे. त्यात ‘आर्केड’ हा सोपा प्रकार आणि ‘सिम्युलेशन’ हा अवघड. अवघड प्रकारात चेंडू सारखा जाळ्यात जातो नाहीतर रेषेबाहेर. दहा मिनिटांत माणूस घामाघूम होतो, हरतो, आणि खूश होऊन सांगतो, “अगदी खऱ्यासारखे आहे हो!”

का? तर जमले नाही म्हणून. वा रे न्याय! मग डोळे बांधून सुईत दोरा ओवणे हेही खरेखुरे शिवणकामच म्हणायचे का?

या वादात मी साक्षीदार आणणार आहे ते माळव्यातून, धार आणि देवासहून. मधे इंदूर, एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. दोन्ही ठिकाणी पवारांची मराठी राज्ये होती. देवासची गंमत तर आपल्याला ठाऊक असेलच. गाव एक, पण राज्ये दोन! थोरली पाती आणि धाकटी पाती. बाहेरून येणाऱ्याला एकच गाव दिसायचे, पण राजे वेगळे, दरबार वेगळे, कारभार वेगळा. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली तेव्हाच तो घोळ संपला. कठीणपणा आणि खरेपणा यांचेही तसेच आहे. एकाच गावात राहतात म्हणून लोक त्यांना एक समजतात. पण या दोन पात्या वेगळ्या आहेत.

आधी थोडा इतिहास. टेनिसचा खेळ पडद्यावर आला तो १९५८ साली. विल्यम हिगिनबॉथम या अमेरिकन शास्त्रज्ञाने ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपवर एक ठिपका उडवून दाखवला. १९७२ साली अटारीचा ‘पाँग’ आला. दोन पट्ट्या आणि एक ठिपका! २००६ मध्ये निन्टेंडोच्या ‘वी’ने हात फिरवायला लावला, पण कोर्टवर पळायचे काम त्यातले बाहुलेच करायचे. या तिघांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांनी आपण टेनिस आहोत असा आव कधी आणला नाही. खेळ म्हणून आले, मजा देऊन गेले. तक्रार आहे ती हेडसेट चढवल्यावर सुरू झालेल्या खरेपणाच्या दाव्याबद्दल.

आता खरे टेनिस म्हणजे काय ते जरा तराजूत घालून बघू. रॅकेट साधारण ३०० ग्रॅमची, लांबी २७ इंच. चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. चेंडू तारांना चिकटून राहतो तो जेमतेम ५ मिलिसेकंद, पण तेवढ्यात जो धक्का मनगटातून कोपरापर्यंत जातो तोच पुढच्या फटक्याचा गुरू असतो. फटका मधोमध बसला की कडेला, हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळते. आभासी टेनिसमध्ये हातात काय असते? सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा कंट्रोलर, आणि फटका बसला की त्याची गुरगुर. चेंडू हाताला ढकलत नाही, कारण चेंडू नाहीच! लिएंडर पेस हा आपल्या गोव्याच्या मुळाचा. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याचा सगळा खेळ जाळ्याजवळच्या व्हॉलीचा. व्हॉली म्हणजे समोरून येणारा जोर हातात झेलून परत पाठवणे. जोरच नसेल तर झेलणार काय? तो फटका हेडसेटमध्ये शिकता येत नाही, मग कठीणपणा कितीही वाढवा.

आता पायांकडे या. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब, एकेरीसाठी २७ फूट रुंद. आपली बैठकीची खोली केवढी? म्हणून हे खेळ काहीतरी तोडगा काढतात. कुठे खेळच तुम्हाला अलगद चेंडूपाशी सरकवतो, कुठे अंगठ्याने काडी ढकलून ‘धावायचे’. टेनिस हा अर्ध्याहून अधिक पायांचा खेळ. पाय चुकले की हात चुकतो, हे कुठलाही प्रशिक्षक पहिल्या दिवशी सांगतो. ज्या टेनिसमध्ये अंगठा धावतो त्याला खरे म्हणायचे?

उलट टेबल टेनिस बघा. ‘इलेव्हन टेबल टेनिस’ या आभासी खेळाची तारीफ प्रत्यक्ष टेबल टेनिस खेळणारेही करतात, आणि ती रास्त आहे. तिथे बॅट हलकी, कंट्रोलरच्या आसपासच्या वजनाची. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा, त्याचा धक्का तो किती! टेबल नऊ फुटांचे, म्हणजे उभे राहायची जागा खोलीत मावते. शरीराला जे प्रत्यक्षात करावे लागते त्यातले बरेचसे इथेही करावे लागते, म्हणून तो खेळ खऱ्याच्या जवळ जातो. सोप्या पातळीवर खेळलात तरी! माझा मुद्दा नेमका हाच आहे. खरेपणा मोजायचा तो शरीरावर पडणाऱ्या भारावरून, हरण्याच्या संख्येवरून नव्हे.

फोंड्याला भाच्याकडे मी हे टेनिस खेळून बघितले. तो मला म्हणाला, “मामा, लेव्हल वाढव, मग बघ कसे खरे वाटते.” लेव्हल वाढवली. झाले काय? समोरच्याचा चेंडू वेगाने यायला लागला, तो चुकेनासा झाला, आणि माझा वाकडा फटका सरळ करायची जी गुपचूप मदत खेळ करत होता ती बंद झाली. म्हणजे आतले तीन आकडे बदलले, बस्स! मी भाच्याला विचारले, “अरे, तिसऱ्या सेटमध्ये पोटऱ्या भरून येतात, तो आकडा कुठे आहे? मिरामारला गास्पार दियशच्या क्लबात समुद्रावरून वारा सुटला की वर फेकलेला चेंडू डोक्यामागे जातो, तो कुठे आहे?” तो हसला. खेळाचा कठीणपणा हे पंख्याचे रेग्युलेटर आहे, एकवरून पाचवर न्यायचे. खऱ्या अडचणीला बटण नसते.

यावर हुशार मंडळी एक उत्तर देतात. विमानाचे पायलट नाही का सिम्युलेटरवर शिकत? शिकतात. पण ते सिम्युलेटर काय असते ते बघा. खऱ्या विमानासारखी अख्खी कॉकपिट, तीच बटणे, तसाच जड लागणारा दांडा, खाली सहा पायांवर हलणारा चौथरा, आणि ते यंत्र खऱ्याबरहुकूम चालते की नाही हे तपासून दाखला देणारी सरकारी यंत्रणा. एवढे करूनही नवा पायलट पहिली उड्डाणे अनुभवी प्रशिक्षकाशेजारी बसूनच करतो. तिथे खरेपणाची परीक्षा घेणारा कुणी आहे. टेनिसच्या खेळावर ‘रिअल’ हा शब्द कुणी तपासून छापला?

आता माझा पहिला साक्षीदार, धार. धार जिल्ह्यात पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ हे गाड्यांच्या चाचणीचे केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. शिवाय तिथे मुद्दाम ओला ठेवलेला रस्ता आहे, चढ आहेत, खडीचा रस्ता आहे, गाडीची हाडे खिळखिळी करणारा खडबडीत रस्ताही आहे. गाड्या बनवणाऱ्यांकडे संगणक नाहीत का? आपल्या भाच्यांकडे आहेत त्यापेक्षा शंभरपट मोठे आहेत! गाडी आधी संगणकातच धावते, संगणकातच आपटते. तरीही कोट्यवधी खर्चून माळव्याच्या जमिनीवर खराब रस्ता बांधावा लागतो. कारण संगणकात तेवढेच खड्डे असतात जेवढे कुणाच्या तरी ध्यानात आले. जमीन मात्र न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देते.

दुसरा साक्षीदार देवास, आणि हा माझा लाडका. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गायचा. लोक थक्क व्हायचे. सोपे होते का ते? मुळीच नव्हे, महाकठीण होते. तरी ती नक्कलच होती. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. आणि १९४८ मध्ये क्षयाने गाठलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले. एक फुप्फुस निकामी झाले. जवळपास पाच वर्षे गाणे बंद. माताजीच्या टेकडीच्या त्या गावात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा लांब पल्ल्याच्या दमाऐवजी श्वास जपत, छोट्या छोट्या तुकड्यांतून एक वेगळेच गाणे उभे राहिले.

आजाराने त्यांना मोठे केले असे मी म्हणत नाही. आजाराची आरती ओवाळणाऱ्यांतला मी नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की बालपणीची नक्कल आणि देवासचे गाणे दोन्ही कठीण होती. पहिल्या कठीणपणात दुसऱ्याचा आवाज गाठायचा होता. दुसऱ्यात स्वतःच्या छातीशी गाठ होती, आणि ती अडचण कमी-जास्त करायची सोय नव्हती. खरे गाणे कुठले, हे आपण गोवेकरांना कुणी सांगायला नको. घरोघर तंबोरा ऐकत वाढलेली माणसे आपण.

तुम्ही म्हणाल, एवढा कसला राग? पोरे खेळतात तर खेळू देत की! खेळू देत. गुडघे गेलेल्या माणसाला, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला, जुलैच्या पावसात घरात अडकलेल्याला हा खेळ आनंद देत असेल तर त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. उलट त्यांच्यासाठी तो अधिक सोपा करा! तिथे कठीणपणाचा बडेजाव हवाच कशाला?

माझी भीती वेगळी आहे. शब्द ढिले झाले की जमीन जाते. आपल्या गावात मोकळ्या मैदानाचा तुकडा टिकवणे किती जिकिरीचे आहे हे तुम्ही पाहता. उद्या एखादी शाळा म्हणाली, की कोर्टची डागडुजी परवडत नाही, त्यापेक्षा दहा हेडसेट घेतो, त्यातही ‘खरे टेनिस’ आहेच, तर त्यांना काय उत्तर देणार? ‘रिअल’ हा शब्द आपणच खपवून घेतला असेल तर उत्तर उरत नाही. कोर्ट एकदा मोडले की परत होत नाही, हेडसेट मात्र चार वर्षांत जुना होतो.

म्हणून दोन साध्या मागण्या. खेळ विकणाऱ्यांनी ‘रिअल’ म्हणण्याऐवजी स्पष्ट लिहावे: कुठली मदत चालू आहे, पाय कोण चालवतो, हाताला काय जाणवते. आणि पालकांनी, शिक्षकांनी या खेळाचा तास करमणुकीत धरावा, व्यायामाच्या तासात धरू नये.

बघा पटते का. न पटल्यास भांडायला मी तयार आहे, पण ते कोर्टात करू. टेनिसच्या हो!